गाडी हळू चालवून बघा

२०२५च्या मे महिन्यात आमच्या वाडीत एका चाकरमान्याने मोठी रेसर गाडी आणली. मुंबईहून रात्रभर चालवत आणली, सकाळी ग्रामदेवतेपुढे नारळ फोडला आणि हायवेवरून वाडीत उतरणाऱ्या सिमेंटच्या पट्टीवरून थेट घरच्या खळ्यात नेली. उतरली झोकात. त्या वर्षी मे संपायच्या आतच पाऊस लागला. चार दिवसांनी गाडी वर काढायची वेळ आली तेव्हा तिघे जण लागले. एकाने हँडल धरलं, दोघांनी मागून रेटलं. पट्टी अरुंद, कडेचा जांभा शेवाळलेला, आणि एका दमात वळेल एवढं हँडल या गाड्यांना दिलेलंच नसतं. ते मागे-पुढे चाललेलं असताना शेजारचे काका दुधाचे दोन कॅन लावून जुन्या स्प्लेंडरवरून बाजूने वर निघून गेले.

गडग्यावर बसून माझा भाचा हे सगळं बघत होता. शिक्षण सावर्ड्यातच झालेलं, लोट्याच्या एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेली, खात्यात पहिले चार पगार. त्याने विचारलं, "मामा, मी कुठली घेऊ?"

त्याला जे सांगितलं तेच या प्रकरणात सविस्तर लिहितो आहे. स्पोर्ट गाडी हळू कशी चालते ते बघून घ्यावी. वेगात सगळ्याच चांगल्या चालतात, त्यासाठीच त्या केलेल्या असतात. हे त्याला त्या दिवशी अजिबात पटलं नाही.

*

स्पोर्ट गाडीला आपल्याकडे सरसकट 'रेसर गाडी' म्हणतात, आणि ते नाव चुकीचं नाही. टाकीला चिकटून खाली लावलेलं दोन तुकड्यांचं हँडल, मागे आणि वर सरकवलेले फूटरेस्ट, पुढून वारा कापणारं प्लास्टिकचं आवरण म्हणजे फेअरिंग, हे सगळं शर्यतीतून आलं. शर्यतीत स्वार टाकीवर छाती टेकून झोपतो, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की वारा चौपट जोराने मागे ढकलतो. १९८४ साली कावासाकीची पहिली निंजा आली, पुढच्या वर्षी सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० आली, आणि शर्यतीच्या गाडीचं हे रूप दुकानात मिळायला लागलं.

आपल्याकडे ते बरंच उशिरा पोचलं. आमच्या पिढीने वेगाची हौस यामाहा आरएक्स १०० वर भागवली. ती १९८५मध्ये आली, १९९६मध्ये बंद झाली आणि तिच्या सायलेन्सरच्या आवाजाच्या आठवणी काढणारे लोक अजून चिपळुणात चहाच्या टपरीवर भेटतात. २००१मध्ये आकुर्डीच्या बजाजने पल्सर काढली आणि शंभर सीसीवर समाधान मानणाऱ्या देशाला दीडशे-एकशेऐंशीची चटक लागली. २००४मध्ये 'धूम' आला. त्या सिनेमानंतर कोकणातल्या वाड्या-वाड्यांतल्या पोरांना हायाबुसा हा जपानी शब्द पाठ झाला. खरी हायाबुसा अडीचशे किलोच्या वर भरते हे मात्र कोणी सांगितलं नाही. मग २००८मध्ये यामाहाची आर१५ आली आणि फेअरिंगवाली, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी कॉलेजच्या पोराच्या आवाक्यात आली. २००९मध्ये बजाजने कावासाकीची निंजा २५० आणली. ऑस्ट्रियाच्या केटीएमशी बजाजची भागीदारी २००७ची, तिला फळ आलं २०१२मध्ये. चाकणला तयार झालेली ड्यूक २०० रस्त्यावर आली, आणि २०१४मध्ये तिचीच फेअरिंगवाली भावंडं, आरसी २०० आणि आरसी ३९०. आता तर इटलीच्या एप्रिलियाची आरएस ४५७ बारामतीला तयार होते. शर्यतीच्या गाड्या बनवण्यात महाराष्ट्र आता कुणाच्या मागे नाही. त्या चालवायचे रस्ते बनवण्याबद्दल काय बोलावं!

*

भाच्याचा रस्ता बघा. वाडीतून वर हायवेला, मग सावर्डे नाका, कामथे घाट, चिपळूण, बहादूरशेख नाका, वाशिष्ठीचा पूल, परशुराम घाट आणि लोटे. जाऊन-येऊन रोजचे सत्तर किलोमीटर धरा. चौपदरीकरणाला एक तप उलटून गेलं. या रस्त्यावर काही किलोमीटर विमानतळासारखं काँक्रीट लागतं, आणि पुढच्याच वळणाला खडी पसरलेलं डायव्हर्जन. घाटात कंटेनर वीसच्या वेगाने चढत असतो, त्याच्या मागे तुम्ही. नाक्यावर गर्दी. पावसाळ्याचे चार महिने, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि डोंगर कापलेला असेल तिथे रस्त्यावर आलेली लाल माती.

या सत्तर किलोमीटरांपैकी ऐंशीच्या वर काटा किती वेळ राहतो ते मी एकदा त्याच्याच मित्राच्या गाडीमागे बसून मोजलं. जाताना मिळून सात-आठ मिनिटं. बाकीचा सगळा वेळ वीस ते साठ. म्हणजे या गाडीबरोबर त्याला जगायचं आहे ते वीस ते साठच्या दरम्यान.

आता शर्यतीची बैठक या वेगाला काय करते ते बघू. पुढे झुकून बसलं की धडाचं वजन मनगटांवर येतं. शंभरच्या वेगाला समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटं मोकळी होतात. तिथे ती बैठक आरामाची वाटते, आणि हायवेवर एक चक्कर मारून आलेला माणूस "कसली मस्त आहे!" म्हणतो ते खोटं नसतं. पण तिसाच्या वेगाला वारा टेकू देत नाही. तिथे तुमचं पोट, पाठ आणि टाकीला दाबलेले गुडघे यांनीच धड उचलून धरायला हवं. ते जमलं नाही की सगळा भार तळहातावर. अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाला मुंग्या, आणि पंधरा दिवसांत "गाडीने मान धरली" अशी तक्रार.

याची परीक्षा शोरूममध्ये उभ्या गाडीवर होते, पैसे लागत नाहीत. गाडी स्टँडवर सरळ धरायला कुणालातरी सांगा. बसा, पाय फूटरेस्टवर घ्या, चालवताना झुकाल तेवढे झुका आणि हँडलवरचे दोन्ही हात एक बोटभर उचला. तसंच मिनिटभर राहता आलं तर ती बैठक तुमची. तोल जाऊन दहा सेकंदांत हात टेकावे लागले तर गाडी वाईट नाही, पण तुमची नाही. माझे हात सहाव्या सेकंदाला टेकले होते. भाच्याचे चाळिसाव्या. सेल्समनला काय चाललंय ते कळेना.

दुसरं माप पायाचं. भाचा पाच फूट पाच इंच. पाठ भिंतीला लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड वही मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाबायची, वहीची वरची कड भिंतीवर पेन्सिलने नोंदवायची आणि जमिनीपासून मोजायचं. त्याचे भरले ७५ सेंटिमीटर. आता सीटची उंची: स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, निंजा ३०० साधारण तेवढीच ७८०, पल्सर आरएस २०० आणि टीव्हीएसची अपाची आरआर ३१० दोन्ही ८१०, आर१५ची चौथी आवृत्ती ८१५, २०२२ची आरसी ३९० ८२४. आकडे बघून घाबरायचं कारण नाही. बसल्यावर गाडी थोडी दबते, बुटाचा तळ थोडी उंची देतो, आणि सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात. उंच पण अरुंद सीट बुटक्या माणसाला एखाद्या ठेंगण्या, रुंद सीटपेक्षा बरी पडते. पण दोन्ही पायांचे चवडे टेकायलाच हवेत, आणि ते शोरूमच्या सपाट फरशीवर टेकून उपयोग नाही. आपली गाडी उतारावर थांबते, एका बाजूला गटाराकडे झुकलेल्या रस्त्यावर थांबते, एका पायाखाली खड्डा असतो. म्हणून टेकवून बघायचं ते बाहेर, रस्त्याच्या कडेला.

आणि वजन. गाडी चालताना १७० किलो कळत नाहीत. ती कलती होऊन थांबली आणि पाय घसरला की सगळे १७० कळतात. स्पोर्ट गाड्या हायवेवर पडतात त्याहून जास्त पेट्रोल पंपावर, खळ्यात आणि घराच्या पायरीशी पडतात, असं गॅरेजवाले सांगतात, आणि तशा पडण्यात फेअरिंगचा एक भाग आणि क्लचची दांडी हमखास जाते. फुटलेलं फेअरिंग बहुतेक वेळा बदलावंच लागतं, आणि त्याची किंमत विचारली की पुढचे दोन महिने माणूस फार जपून गाडी लावतो.

*

भाच्याचा खरा प्रश्न अर्थात पिकअपचा होता. सीट आणि मनगटं ही मामाची काळजी. त्याच्या डोक्यात आरसी ३९० होती.

तेव्हा आम्ही वहीत एक साधा हिशेब मांडला. गाडीचं वजन अधिक स्वाराचं वजन, भाच्याचे पासष्ट किलो धरून, आणि त्या प्रत्येक शंभर किलोमागे इंजिनाची ताकद किती. स्प्लेंडर: आठ अश्वशक्ती, एकूण १७७ किलो, म्हणजे शंभर किलोमागे साडेचार. आर१५: १८.४ अश्वशक्ती, २०७ किलो, म्हणजे जवळपास नऊ. आरएस २००: २४.५ आणि २३१, म्हणजे साडेदहा. आरसी ३९०: ४३.५ आणि २३७, म्हणजे अठरा. स्प्लेंडरवर वाढलेला मुलगा आर१५वर बसला की त्याच्या हाताखालची ताकद दुप्पट होते. आरसी ३९०वर बसला की चौपट. शाळेतल्या पोराला दुप्पट अभ्यास देता येतो. चौपट दिला तर काय होतं ते आपण बघतो.

पण ताकदीचा एकच आकडा सांगून भागत नाही, ती कुठे मिळते तेही विचारायला हवं. आर१५चे ते १८.४ मिळतात मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर. परशुराम घाटात कंटेनरमागे तुम्ही खालच्या गियरमध्ये चार-पाच हजारांवर असता. छोट्या स्पोर्ट इंजिनाचा जीव वरच्या फेऱ्यांत असतो. खालच्या फेऱ्यांत ते दीडशेच्या साध्या गाडीहून फार निराळं वागत नाही. यामाहाने त्यावर तोड काढली आहे. इंजिनाच्या झडपा उघडणारे कॅम दोन प्रकारचे आहेत, खालच्या फेऱ्यांसाठी एक आणि वरच्यांसाठी एक, आणि सुमारे ७,४०० फेऱ्यांना अदलाबदल होते. तोड चांगली आहे. तरी ओव्हरटेक करायचा तर गियर एक खाली टाकावाच लागतो, आणि ज्याला सारखे गियर बदलायचा कंटाळा आहे त्याने छोटं स्पोर्ट इंजिन घेऊ नये.

मोठ्या इंजिनाचं दुखणं उलट असतं. एकच मोठं सिलिंडर, भरपूर कॉम्प्रेशन. असं इंजिन तीन हजारांच्या खाली नेलं की धक्के देतं, चेन खडखडते, क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो. बहादूरशेख नाक्यावर मे महिन्यात दहा मिनिटं अडकलात की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम वारा पोटऱ्यांवर. दोन सिलिंडरवाली निंजा ३०० किंवा आरएस ४५७ इथे जास्त समजूतदार. फटके विभागले गेले की इंजिन खालीही गुळगुळीत फिरतं. पण त्यांच्या सुट्या भागांचा आणि सर्व्हिसिंगचा विचार आधी करायचा. आपल्या तालुक्यात त्या गाडीला हात लावणारा मेकॅनिक कोण, हे विचारल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नये.

चाचणी फेरी मिळते ती दोन किलोमीटरची, आणि पोरं त्यात टॉप स्पीड बघतात. त्याऐवजी पहिल्या गियरमध्ये क्लच सोडून, रेस न देता, माणसाच्या चालीने गाडी पन्नास पावलं न्यावी. गल्लीत एका दमात यू टर्न घेऊन बघावा. तिसऱ्या गियरमध्ये तिसाच्या वेगावरून रेस उघडावी आणि इंजिन कुरकुरतं का ऐकावं. मागे कुणाला तरी बसवून चढावर थांबून पुन्हा निघावं. आणि स्पीडब्रेकर, तोही आपल्याकडचा, म्हणजे ग्रामपंचायतीने मनानेच घातलेला. खालून खर्रकन आवाज आला तर तो रोज येणार.

*

"मामा, पण कुंभार्लीला तर स्पोर्ट गाडीच पाहिजे," हा त्याचा शेवटचा हुकमी पत्ता होता. रविवारी पोरं चिपळूणहून खेर्डी, शिरगाव, पोफळी करत कुंभार्ली घाट चढतात, वर हेळवाकला मिसळ खातात आणि उतरतात. घाट सुंदर आहे, वळणं एकातून एक निघतात, त्यामुळे मुद्दा विचार करण्यासारखा होता.

वळणावर गाडी आडवी का होते याचं गणित सोपं आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला वळणाच्या त्रिज्येने आणि ९.८ने भागायचं. जो आकडा येतो तो कलण्याच्या कोनाचा टॅन्जंट. वीस मीटर त्रिज्येचं, म्हणजे घाटातलं बऱ्यापैकी घट्ट वळण घ्या. ताशी तीसला गाडी वीस अंश कलते. चाळीसला बत्तीस. पन्नासला थेट चव्वेचाळीस. वेग दहाने वाढतो आणि कोन बाराने. पन्नासला तुम्ही कोरड्या डांबरावर चांगल्या टायरच्या शेवटच्या टोकाशी असता. ओल्या डांबरावर, त्यात लाल मातीचा हात फिरलेला असेल तर, तीसच्या वीस अंशांवर भागतं. चाळीसच्या बत्तिसांची हमी टायर बनवणाराही देणार नाही.

आता गंमत अशी की या सूत्रात गाडीचं वजन नाही, किंमत नाही, सीसीही नाही. त्याच वळणावर, त्याच वेगाला काकांची स्प्लेंडर आणि चार लाखांची स्पोर्ट गाडी जवळजवळ सारख्याच कलतात. रुंद टायरवाली उलट किंचित जास्तच. स्पोर्ट गाडीला फूटरेस्ट उंच देतात ते चाळीस-पंचेचाळीस अंशांनंतर जमिनीला घासू नयेत म्हणून. त्या पलीकडच्या जागेत ती शर्यतीच्या ट्रॅकवर कमाल करते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, म्हशी येत नाहीत. कुंभार्लीत कऱ्हाडहून येणारा उसाचा ट्रक वळणाच्या आतून येतो. तिथे उपयोगी पडतं ते पटकन थांबणं.

थांबण्याचाही हिशेब करून टाकू. ब्रेक मारायचं डोक्यात येऊन हात दाबेपर्यंत एक सेकंद धरा. साठच्या वेगाला त्या सेकंदात गाडी जवळपास सतरा मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तर पुढचे वीस मीटर थांबायला लागतात. एकूण सदतीस. शंभरच्या वेगाला तेच अंतर चौऱ्याऐंशी मीटर. पावसात पकड कमी झाली की शंभरचं अंतर सव्वाशेच्या घरात जातं. परशुराम घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की सव्वाशे मीटर दिसतात का?

म्हणून कोकणात स्पोर्ट गाडीच्या ज्या गोष्टींचे पैसे द्यावेत त्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत नसतात. दोन्ही चाकांचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, ही पहिली. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते एका चाकाला आहे की दोन्ही, हे विचारायचं. आणि भर वळणात जोरात ब्रेक दाबला तर साधं एबीएसही वाचवेलच असं नाही, ते सरळ रेषेतलं औषध आहे. दुसरी गोष्ट स्लिपर क्लच. ओल्या उतारावर घाईत गियर खाली टाकला की मागचं चाक क्षणभर अडखळतं आणि गाडीची शेपटी हलते. हा क्लच तो धक्का खातो. तिसरी गोष्ट टायर. ट्रॅकसाठीचा मऊ, कमी खाचांचा टायर दिसतो झकास, पावसात तो कामाचा नाही. चौथी, चेन. खारी हवा, लाल माती आणि पाऊस यांत चेन आठवड्याला तेल मागते, आणि लिटरला किती पडतं हे विचारणाऱ्या पोराला चेन-स्प्रॉकेटचा सेट किती किलोमीटरला बदलायचा हे ठाऊक नसतं.

*

मध्ये एकदा सेकंडहँडचा विषय निघाला. चिपळुणात एक आरसी मिळत होती, किंमत चांगली, कागद स्वच्छ, एमएच-०८ पासिंग. बघायला गेलो. गाडी चकाचक पॉलिश केलेली. मी हेडलाइटच्या आत डोकावलो तर काचेच्या तळाला मातीची बारीक रेघ. सीट काढायला लावली. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज, बॅटरीच्या पेटीच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होऊन आजही उत्तम चालत असतील, पण सेन्सर आणि कंट्रोल युनिटवर चालणारी स्पोर्ट गाडी पुरातून निघाली असेल तर ती कधी, कुठल्या वळणावर बंद पडेल याचा नेम नाही. विकणाऱ्याने "सांगितलं नव्हतं का मी?" असं विचारलं. सांगितलं नव्हतं. चिपळूणच्या दहा-बारा किलोमीटर परिसरात २०२१च्या आधीची गाडी घेताना सीट उचलून बघाच. शिवाय हँडलची टोकं आणि सायलेन्सरची कड घासलेली आहे का, पुढच्या शॉकपमधून तेल गळतं का, आणि पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवल्यावर मध्यावर अडखळतं का, हेही.

पैशांचं थोडक्यात. गाड्यांच्या किमती पुस्तकात छापल्या की पुस्तक शिळं होतं, पण रेषा कुठे आहेत ते सांगतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. आरसी ३९०चं इंजिन ३७३ सीसी, तेवीस सीसींसाठी ती वरच्या गटात. विम्याचीही हीच रेषा. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. २०२२मध्ये ठरलेल्या दरांनी १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये, ३५०च्या वर १५,११७. आर१५चं इंजिन १५५ सीसी आहे, त्यामुळे पाच सीसींसाठी ती दीडशेच्या स्वस्त गटातून बाहेर पडते. आणि बजेट करताना हेल्मेट, ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट हे गाडीच्या किमतीतच धरायचे. आयएसआय शिक्का नसलेलं, रस्त्याकडेला टांगलेलं हेल्मेट पोलिसाला फसवायला पुरतं, डांबराला नाही.

*

एक गोष्ट उरली, आणि खरं तर निर्णय तिच्यावरच झाला असता. मागची सीट.

आपल्या घरातली गाडी एकट्याची नसते. गणपतीला मखराचं सामान आणायला ती असते, आंब्याची पेटी स्टँडवर पोचवायला ती असते, आणि आईला डेरवणच्या हॉस्पिटलात न्यायलाही तीच. स्पोर्ट गाडीची मागची सीट म्हणजे वहीएवढा उंचावर ठेवलेला तुकडा. धरायला दांडी नसते किंवा नावाला असते. साडी नेसून एका बाजूला बसणं तिथे केवळ अशक्य. मागचा माणूस उंच बसल्यामुळे ब्रेक मारला की सगळा स्वाराच्या पाठीवर. ज्याच्या घरात दुसरी दुचाकी आहे त्याने हे सोडून द्यावं. ज्याच्या घरात नाही त्याने आधी मागे बसणाऱ्यांना विचारावं, मग शोरूममध्ये जावं. याच कंपन्या त्याच इंजिनाच्या, उभ्या हँडलच्या आणि फेअरिंग नसलेल्या गाड्याही विकतात. आर१५ची बहीण एमटी-१५, आरएसचा भाऊ एनएस, आरसीचा ड्यूक. सावर्ड्यासारख्या ठिकाणी दहातल्या सात जणांना मी तीच घ्यायला सांगेन. भाच्यालाही सांगितलं.

त्याने ऐकलं नाही, पण अर्धं ऐकलं. जुलैच्या पावसात त्याने मित्रांच्या तीन वेगवेगळ्या गाड्या लोट्यापर्यंत नेऊन आणल्या, आणि तिसऱ्या दिवशी मनगटं चोळत आरसीचं नाव सोडलं. आर१५ची बैठक त्याला खाली वाटली. शेवटी २०२५च्या दसऱ्याला, जीएसटी उतरल्यावर, नवीन आरएस २०० घेतली. फेअरिंग आहे, पोरीबाळींनी वळून बघावं असं काहीतरी आहे, पण हँडल बऱ्यापैकी वर, दोन्ही चाकांना एबीएस, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. गाडीचं तोंड मला काही आवडलेलं नाही. वजन १६६ किलो, सिमेंटच्या पट्टीवरून वर काढायला त्याला एकट्याला दोनदा मागे-पुढे करावं लागतं, पण निघते.

मे महिन्यातली ती मोठी गाडी गणपतीनंतर मुंबईला परत गेली. आणि आमची ताई, म्हणजे भाच्याची आई, आरएसच्या मागच्या सीटवर एकदाच बसली, सावर्डे नाक्यापर्यंत. त्यानंतर ती डेरवणला रिक्षानेच जाते.